विष्णुपुरीतले लॅटिन

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गोदावरीवर धरण आहे आणि काळेश्वराचे देऊळ आहे. एका गावाच्या मानाने सरंजाम जरा जास्तच झाला. लॅटिनचा वर्ग मात्र कुठेच नाही. असे असूनही रोज सकाळी दवाखान्याच्या फाटकातून शेकडो माणसे खिशात लॅटिन घालून बाहेर पडतात आणि समोरच्या मेडिकलमध्ये ते देऊन त्याच्या बदल्यात गोळ्या घेतात.

चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात आर आणि एक्स एकमेकांत पाय अडकवून उभे असतात, त्याचे पूर्ण रूप रेकिपे. म्हणजे 'घे'. शुद्ध आज्ञार्थ, तोही एकेरी. समोर सत्तरीचे मामा बसलेले असोत की विद्यापीठातले विभागप्रमुख, डॉक्टर तोंडाने 'अहो-जाहो' करतात आणि कागदावर 'अरे, घे' म्हणतात. खाली 'बीडी' लिहिलेले असते. बिस दिए, दिवसातून दोनदा. आता ज्या मामांना त्याच डॉक्टरांनी दोन मिनिटांपूर्वी, "बिडी बंद म्हणजे बंद," असे दटावलेले असते, त्यांच्याच चिठ्ठीवर तीन ओळींत तीनदा बीडी येते. सोबतच्या नातवाला इंग्रजी अक्षरे वाचता येतात. तो रिक्षात बसून चिठ्ठी वाचतो आणि आजोबांनी डॉक्टरला आतून कसे वळवले असेल याचा विचार करत राहतो.

'टीडीएस'चे दुखणे वेगळे. तेर दिए सुमेन्दुम, दिवसातून तीनदा घ्यावयाचे. पगारदार माणसाला हे तीन वर्ण दिसले की पोटात गोळा येतो, कारण त्याच्या ओळखीचा टीडीएस दर महिन्याला पगारातून कापला जातो. त्याहून गमतीचा 'एसओएस'. ही जहाज बुडतानाची हाक नव्हे. सी ओपुस सित, म्हणजे 'गरज पडलीच तर'. डोकेदुखीच्या साध्या गोळीपुढे डॉक्टरांनी एसओएस लिहिले म्हणून अभियांत्रिकीच्या पोरांनी रुममेटला रात्रभर जागवून त्याच्यावर नजर ठेवणे काही अशक्य नाही.

त्या एसओएसमधला शेवटचा 'सित' हाच खरा मुद्द्याचा. युरोपातल्या शाळकरी पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या नावाने बोटे मोडली तो सब्जंक्टिव्ह हाच. गोष्ट तशी सरळ आहे. जे आहे, होते किंवा होणार ते सांगताना लॅटिन क्रियापद एक रूप घेते. जे व्हावे, होऊ नये, झाले तर बरे, होते की काय, अशा अधांतरी गोष्टी सांगताना दुसरे. 'आहे' म्हणायचे तर एस्त, आणि 'असो', 'असावे', 'असलेच तर' म्हणायचे तर सित. आपल्याकडे ही कामे विध्यर्थ आणि संकेतार्थ वाटून घेतात. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली महाराष्ट्र भाषेचे व्याकरण छापले, मोरो केशव दामल्यांनी 1911 साली शास्त्रीय मराठी व्याकरण लिहून त्या विषयाचा पार कीस पाडला, आणि आज नांदेडच्या अभ्यासिकांमधून एमपीएससीची पोरे वाळंब्यांचे पुस्तक पुढ्यात घेऊन त्याच गोष्टी पाठ करत बसलेली असतात. 'करावा' दिसला की विध्यर्थ, 'करता तर' दिसला की संकेतार्थ, एक मार्क, पुढे चला.

सब्जंक्टिव्ह या नावात 'खाली जुंपलेला' असा अर्थ आहे. मुख्य वाक्य पुढे चालते, हा त्याच्या जुवाखाली मान घालून मागून येतो. आणि रोमन शेतकरी बैलाच्या मानेवर जे ठेवत असे त्याला ते युगुम म्हणत. तोच शब्द संस्कृतात युग आणि आमच्या औतावर जू. पोळ्याला आमच्याकडे जे खांद्यावरून उतरते, ते रोमच्या व्याकरणात बारमाही चढलेले असते.

मला विचाराल तर हे प्रकरण अवघड वाटावे अशी माणसे युरोपात असतील, मराठवाड्यात नाहीत. आमचा सगळा जिल्हा विध्यर्थावर चालतो. घरच्या पत्राचा शेवट घ्या: कळावे, लोभ असावा. दोन शब्दगट, दोन्ही विध्यर्थ. रोमन वक्ता सिसेरो आपल्या पत्रांच्या शेवटी कूरा उत् वालेआस लिहायचा, म्हणजे 'तब्येत नीट राहील असं बघ'. त्यातला वालेआस सब्जंक्टिव्ह आणि त्याच्या आधीचा उत् म्हणजे आपला 'असे' किंवा 'म्हणून'. फरक एवढाच की सिसेरोला समोरच्याच्या तब्येतीची काळजी होती. आपण समोरच्याकडून लोभाची अपेक्षा ठेवून मोकळे होतो.

पत्रातून अर्जात या. 'तरी मेहरबान साहेबांनी अर्जदाराचा सहानुभूतीपूर्वक विचार करावा.' करावा! अर्जदार हात जोडून उभा आहे, पण क्रियापद ताठ आहे. मग कार्यालयातून उत्तर निघते: 'सदर प्रकरणी नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात यावी.' इथे तर कर्ताच गायब. कोणी करावी? करण्यात यावी. जुन्या औषधशास्त्रात वैद्य औषध बनवणाऱ्याला चिठ्ठीत देतुर आणि फीआत असे लिहीत. देतुर म्हणजे 'देण्यात यावे' आणि फीआत म्हणजे 'करण्यात यावे', अगदी आपल्या मंत्रालयाच्या ठेवणीतले. दोन्ही सब्जंक्टिव्ह, दोन्हींत कर्ता नाही. रुग्ण दगावला तर कोणाला धरणार? (फियाट मोटारीचे नाव तूरिनच्या कारखान्याच्या आद्याक्षरांवरून पडले, हे मान्य. पण थंडीच्या सकाळी जुनी प्रीमियर पद्मिनी सुरू करू पाहणाऱ्या माणसाला त्या नावाचा लॅटिन अर्थ, 'होवो बाबा', जास्त पटत असणार.)

कर्ता गायब करण्याच्या कलेत रोमन सिनेट आमच्या कुठल्याही कक्ष अधिकाऱ्याला शिकवणी देईल. इ.स.पूर्व 121 मध्ये गायस ग्राकसचा बंदोबस्त करायचा होता. हा जमीनवाटपाचा आणि गरिबांना स्वस्त धान्याचा कायदा करणारा लोकनेता. सिनेटने त्याला धरा, मारा असे काही म्हटले नाही. ठराव केला तो इतकाच, की प्रजासत्ताकाला काही हानी पोहोचू नये असे कॉन्सलांनी, म्हणजे तिथल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, बघावे. दोन क्रियापदे, दोन्ही सब्जंक्टिव्ह. 'बघावे' आणि 'पोहोचू नये'. यात काय वाईट आहे? कोणीही सही करील. मग ओपिमियस नावाच्या कॉन्सलने 'बघितले', आणि ग्राकस व त्याच्या बाजूची पुष्कळ माणसे जिवानिशी गेली. पुढच्या वर्षी ओपिमियसवर खटला भरला गेला. तो सुटला. सुटणारच, त्याने फक्त एका उपवाक्याचे पालन केले होते.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर आमच्या भागातला सगळ्यात लोकप्रिय सब्जंक्टिव्ह सांगून टाकतो: कॅव्हेट. बांधाचे भांडण असलेल्या कुठल्याही माणसाला हा शब्द माहीत असतो. भाऊबंद गुपचूप कोर्टात जाऊन स्टे आणतील अशी कुणकुण लागली की वकील म्हणतात, "तात्या, आधी कॅव्हेट टाकून ठेवू." कावेआत, म्हणजे 'त्याने सावध असावे'. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ खाली ही सावधगिरी 90 दिवस टिकते. नंतर पुन्हा फी भरून सावध व्हावे लागते. तात्यांना लॅटिन येत नाही, पण ते गावच्या पारावर, "म्या कॅव्हेट टाकलाय," असे ज्या आवाजात सांगतात, त्यात विध्यर्थाचा सगळा दरारा उतरलेला असतो. याच कुळातला मोठा भाऊ हेबियस कॉर्पस. त्यातला हाबेआससुद्धा सब्जंक्टिव्हच: कैद्याचा देह तू हजर ठेवावास. उच्च न्यायालय अनुच्छेद 226 खाली जे पाच प्रकारचे रिट काढते, त्यांत मँडॅमस हा सरळ स्वार्थी आहे (व्याकरणातला स्वार्थ, गैरसमज नको), 'आम्ही हुकूम देतो' असा. पण माणसाला तुरुंगातून प्रत्यक्ष बाहेर आणायची वेळ येते तेव्हा कायदासुद्धा हुकूम सोडून विध्यर्थाकडे वळतो.

आता उत्. यावर जरा थांबावे लागेल, कारण लॅटिनची खरी मजा इथे आहे आणि आमच्या जिल्ह्याचीही.

'शेतकऱ्याला पाणी मिळावे म्हणून कालवा काढला' हा झाला हेतू. 'कालवा असा काढला की शेतकऱ्याला पाणी मिळाले' हा झाला परिणाम. पहिल्यात पाणी फाइलीत आहे, दुसऱ्यात रानात. लॅटिन दोन्हींसाठी उत् वापरते आणि दोन्हींसाठी क्रियापद सब्जंक्टिव्हमध्येच घालते. वाक्य तेच, रूप तेच. पाणी मिळावे की मिळाले? हुशार विद्यार्थी आधीच्या वाक्यात 'इतका', 'असा', 'एवढा' यांपैकी काही दिसते का ते शोधतो. दिसले तर परिणाम. नाही दिसले तर बहुधा हेतू. पण पक्की परीक्षा एकच आहे, नकाराची. हेतूत नकार आला तर उत् जातो आणि त्याच्या जागी ने येतो: 'मिळू नये म्हणून'. परिणामात नकार आला तर उत् जागेवर राहतो आणि पुढे नोन बसतो: 'की मिळालेच नाही'. म्हणजे सगळे सुरळीत चाललेले असेपर्यंत तुम्ही वाचताय तो हेतू की परिणाम, याचा भरवसा नाही. 'नाही' आले की लख्ख कळते.

उद्घाटनाची भाषणे ऐकलेल्या माणसाला हा नियम पाठ करावा लागत नाही. कोनशिलेच्या दिवशी 'मिळावे' आणि 'मिळाले' एकाच सुरात, एकाच हाराखाली म्हटले जातात. टाळ्याही सारख्याच. पुढे तीन उन्हाळे गेल्यावर कोणीतरी ग्रामसभेत उठून 'नाही' म्हणतो, तेव्हा कुठे समजते की इतके दिवस आपण ऐकत होतो ते हेतुवाक्य होते.

मराठी या बाबतीत रोमनांपेक्षा प्रामाणिक आहे. 'म्हणून' आपल्याकडेही दोन्हीकडे राबतो, एमपीएससीची पोरे त्याला उद्देशबोधकातही घालतात आणि परिणामबोधकातही. पण क्रियापद लगेच चुगली करते. 'पडावा म्हणून' वेगळे, 'पडला म्हणून' वेगळे. होम केला तो पाऊस पडावा म्हणून. पेरणी केली ती पाऊस पडला म्हणून. इथे लपवाछपवीला जागा नाही. ही अडचण प्रशासनाच्या फार लवकर लक्षात आली असावी, कारण कार्यालयीन मराठीने तिच्यावर जो तोडगा काढला त्याला तोड नाही: 'मिळणेबाबत'. विषय: विहीर मंजूर होणेबाबत. विषय: नोंद घेणेकामी. झाली? माहीत नाही. व्हावी? तसेही म्हटलेले नाही. 'होणे' आहे, आणि त्याच्या'बाबत' काहीतरी चाललेले आहे. हेतू, परिणाम, काळ, सगळे एका 'णे'त विरघळले. दोन हजार वर्षे खपून रोमनांना जे जमले नाही ते तहसीलच्या आवक-जावक टेबलाने करून दाखवले.

हल्ली वाहिन्यांवर 'जेणेकरून'ची साथ आहे, तेवढे मात्र मला खपत नाही. 'पोलीस आले जेणेकरून गर्दी पांगेल.' या वाक्याला मराठी आई नाही. "गर्दी पांगावी म्हणून पोलीस आले," असे म्हणताना तोंडाला काय होते? पण निवेदकाला आधी पोलीस दाखवायचे असतात आणि कारण मागाहून सुचायचे असते, त्यामुळे हेतू वाक्याच्या शेपटीला बांधतात.

लॅटिनकडे हेतू सांगायच्या आणखी पुष्कळ वाटा आहेत आणि त्यांतली एक थेट आपल्या अंगणातून जाते. जाणे-येणे-पाठवणे अशा हालचालीच्या क्रियापदांबरोबर उत्-बित्‌ची भानगड न करता रोमन नुसते वीसुम म्हणू शकतात: वेनित वीसुम, 'बघायला आला'. या रूपाचे नाव सुपाइन. हे -तुम, -सुम शेपूट आणि आमच्या दहावीच्या संस्कृतातले तुमन्त, द्रष्टुम् आणि गन्तुम्, हे सख्खे नातेवाईक. एक क्रिया दुसऱ्या क्रियेसाठी असेल तर तुमुन् लावावा, असे पाणिनी सांगतो. नांदेड-लातूरकडची पोरे संस्कृत घेतात ती स्कोअरिंग विषय म्हणून. पैकीच्या पैकी मार्क घेऊन नीटच्या क्लासला निघून जातात. लॅटिनचा एक आख्खा धडा आपल्या पदरात आयता पडला, हे त्यांना कोणी सांगतही नाही आणि त्याचे मार्कही नसतात.

बोली तर याही पुढे. दवाखान्याच्या ओपीडीत कोणी विचारते, "कामून आलात मामा?" आणि मामा सांगतात, "गुडघा दाखवावं म्हून आलो, मालक." उत् अधिक सब्जंक्टिव्ह. शेजारची मावशी म्हणते, "सुनेला दाखवायला आणलं." हालचालीचे क्रियापद, म्हणून सुपाइन. एका बाकड्यावर लॅटिन गद्याची दोन प्रकरणे संपली. रोमनांना काळाचा मेळ घालायची भारी हौस: मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर मागच्याने वेगळे रूप घ्यायचे. मामांचा 'दाखवावं' आलो, येतो, येईन, कशालाही चालतो.

एक जागा मात्र अशी आहे जिथे लॅटिन शिकणारा बाकी जगभर घसरतो आणि मराठी माणूस हसत निघून जातो. भीतीची वाक्ये. 'तो येईल अशी भीती वाटते' हे लॅटिनमध्ये तिमेओ ने वेनिआत. आणि 'तो येणार नाही अशी भीती वाटते' हे तिमेओ उत् वेनिआत. उलटे! येण्याच्या भीतीला नकार, न येण्याच्या भीतीला होकार. इंग्रज पोरे यावर छड्या खात आली. पण आपल्याकडे एखाद्या आईला दुपारच्या झोपेच्या वेळी पाव्हण्यांचा फोन येतो तेव्हा ती काय म्हणते? "आता येऊ नयेत म्हणजे मिळवलं." भीती येण्याची, शब्द 'नये'. आणि पोरगी पाहायला येणारे स्थळ तासभर उशीर करते तेव्हा? "यावेत बाई एकदाचे." भीती न येण्याची, शब्द 'यावेत'. रोमन माणूस भीती सांगत नव्हता, इच्छाच बोलून दाखवत होता. भीती कशाची ते इच्छेवरून ओळखायचे. लॅटिनच्या मास्तरांना हे समजवायला पान लागते, आपल्याकडे स्वयंपाकघरातून ऐकू येते.

शोकाचाही यात वाटा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रत्येक गटावर कोणी गेल्याची बातमी आली की खाली आरआयपींची रांग लागते. रेक्विएस्कात इन पाके, 'शांतीत विसावो', तोही सब्जंक्टिव्ह. दोघांची बातमी एकदम आली तर नियमाने रेक्विएस्कान्त हवे, पण आद्याक्षर तेच राहत असल्याने गटाची अब्रू वाचते. त्याच रांगेत कोणीतरी वरचे न वाचता वाढदिवसाचा केक टाकतोच. त्याला व्याकरणात जागा नाही.

भीतीच्या वाक्यांची खरी पाठशाळा पाहायची असेल तर सप्टेंबरच्या शेवटी विष्णुपुरीच्या धरणावर जावे. गेट उघडले अशी बातमी फुटली की नांदेड शहर 'बघायला' लोटते. मोटारसायकलींवर तिघे-तिघे, कणसांच्या गाड्या, लिंबू चोळायला वेगळा माणूस, लाल पाण्याकडे पाठ करून मोबाइल उंच धरलेली पोरेपोरी. शहरवाल्याला पाण्याची भीती नाही; नळाला येणार म्हणून तो खूश. गर्दीच्या जरा बाजूला खालच्या अंगाच्या गावांतले दोघे-तिघे उभे असतात, ते पाण्याकडेच बघतात. रोमन व्याकरणकाराला तिमेओच्या पुढे ने घ्यायचा की उत्, एवढाच प्रश्न होता. इथे जूनमध्ये उत् असतो, येतो की नाही, आणि सप्टेंबरात ने, आता येऊ नये. त्यातल्या एका काकांना मी विचारले, यंदा पावसाचे काय व्हावे म्हणता.

"सोयाबीन काढून झाकून होस्तोर येऊ नये," ते म्हणाले. "मग हरभऱ्याला वल पायजे, तवा एक यावा."

"आणि धरण?"

"भरावं की. भरलंच पायजे. पर गेट उघडू नये, आमचं रान खालीच हाय."

"काका, धरण भरल्यावर गेट उघडायचं नाही, तर पाणी जाणार कुठं?"

त्यांनी माझ्याकडे बघितले, मग गेटांकडे, आणि म्हणाले, "त्ये आता सायब लोकांनी बगावं."